आत्याचा राग आणि नानाचं ध्यान

केजच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आहे आणि दुकानाच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. परवा एक बाई ब्लाउज परत घेऊन आली. म्हणे, तंग शिवलाय. मापं माझ्याकडं होती, ब्लाउज मापाप्रमाणं होता, मधल्या काळात बाई भरली होती. मी तसं सांगितलं. तिनं आवाज चढवला, मग मीही चढवला. तशी ती तसबिरीकडं बोट करून म्हणाली, "वर बुद्धाचा फोटो लावलाय, अन् बोलणं बघा! तुमच्यात राग करायचा नसतो ना?"

माझं डोकंच फिरलं. आमच्यात राग करायचा नसतो हे ह्यांना कुणी सांगितलं? ह्यांनी कसंही बोलावं, कसंही वागावं, आणि आम्ही मात्र अर्धे डोळे मिटून गालात हसत बसावं. का? तर आम्ही बुद्धाचे. मी तिला म्हटलं, "बाई, तुम्हाला आमची आत्या भेटायला पाहिजे होती."

आत्या आमची कुणाची सख्खी आत्या नव्हती. सगळी वस्तीच तिला आत्या म्हणायची. केजहून जीपनं आलं की फाट्यावर उतरायचं, तिथून चालत आमची वस्ती. वस्तीच्या टोकाला पत्र्याचा विहार आणि विहाराला लागून आत्याचं घर. उमर सगळी ऊसतोडीत गेलेली, हातांना कोयत्याचे घट्टे पडलेले, नवरा वारलेला, पोरबाळ नाही. दर रविवारी सकाळी ती विहारात ध्यान शिकवायची. ध्यान शिकवणारी माणसं म्हणे हळू आवाजात बोलतात, मध्ये मध्ये थांबतात, मोरपीस फिरवल्यासारखं बोलतात. आमची आत्या ओरडायची. "डोळे मिटा! मिटा म्हणलं ना, मुडद्यांनो! कुणाकडं बघायलाव?" एवढ्या मोठ्यानं की विहाराच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची.

आमच्या पंचक्रोशीत तिच्याइतकं रागीट माणूस मी पाहिलं नाही. आणि शांत बसायला शिकले ती तिच्याकडूनच, हेही खरं.

तिचा एक नियम होता. आधी त्रिसरण-पंचशील, मग ध्यान. पंचशील सुरू झाल्यावर जो येईल त्यानं बाहेर पायरीवर बसायचं, आत यायचं नाही. तालुक्याला एका ठिकाणी पंचशील न म्हणता नुसतं ध्यान घेतात असं कुणीतरी सांगितलं, तर म्हणाली, "घेऊ द्या की. तोंड न धुताबी जेवत्यात काही लोक." पंचशीलही ती सरळ म्हणायची नाही. प्रत्येक शीलापाशी थांबायची आणि वस्तीत आठवडाभरात जे घडलं असेल त्याचा तिथल्या तिथं पंचनामा करायची. चोरीच्या शीलाला, "नानाच्या उसातली दांडकी कुणी आणली? चोथा कुणाच्या दारात पडलाय ते बघितलंय म्या." दारूच्या शीलाला तर ती काही बोलायचीच नाही, नुसती एकेकाकडं बघत राहायची. माणसं सतरंजीची दोरं उपसत बसायची.

खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाला एकदा ती स्वतःवरच घसरली. एसटीत पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट लागत नाही. आत्यानं कंडक्टरला पंचाहत्तरी ओलांडली म्हणून सांगितलं होतं, आणि ओलांडली नव्हती. रविवारी सगळ्यांपुढं म्हणाली, "म्या खोटं बोलले. भाड्या कंडक्टरनं इचारलंबी न्हाई, म्या आपणहून बोलले." पुढच्या बाजाराला ती त्याच गाडीत चढली आणि तिकीट फाड म्हणून कंडक्टरशी भांडली. तो बिचारा म्हणाला, "बसा की आजी गप, कोण बघायलंय." आत्या म्हणाली, "मी बघायलेय ना!" अख्खी गाडी हसत होती. तिकीट फाडून घेतल्यावरच तिनं त्याला सोडलं.

ध्यान झाल्यावर प्रश्न विचारायची मुभा होती, पण विचारणाऱ्याची खैर नसायची.

"आत्या, देव हाय का न्हाई?"

"तू बघितलास? न्हाई. म्याबी न्हाई. मग आपुन दोघं कशापायी भांडायचं? श्वास दिसायलाय का? त्यो बघ."

"मग देव न्हाई तर मेणबत्ती अन् अगरबत्ती कावून लावायची?"

"मेणबत्ती त्याची आठवण ऱ्हावी म्हणून. अन् अगरबत्ती तुझ्या पायाचा वास येतो म्हणून."

"आत्या, आपल्यात मटण खावं का?"

"खायच्या आधी इचारायचं आसतं ते. तुझ्या तोंडाला रस्स्याचा वास यायलाय."

"मांडी घालून बसता येत न्हाई. गुडघे धरत्यात."

"खुर्चीवर बस, पाटावर बस, भिंतीला टेकून बस. बुद्धानं काय गुडघे मोजलेत का?"

"ध्यानानं बीपी उतरतं म्हणत्यात."

"आधी डाक्टरची गोळी घे. मग बस."

एकदा गावातले एक शहाणे येऊन म्हणाले, बुद्ध म्हणजे विष्णूचाच अवतार, तेव्हा तुम्ही-आम्ही एकच. त्यावर आत्या जे बोलली ते मी इथं लिहू शकत नाही. ते गृहस्थ चप्पल विसरून गेले आणि मग ती आणायला पोराला पाठवलं.

सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची ती तिची धाकटी जाऊ. तिला आम्ही काकू म्हणायचो. काकू ध्यानात बसली की घोरायची, आणि जागी झाली की विचारायची. तिच्या घरात कोनाड्यात पडद्यामागं सासूच्या वेळचे देवीचे टाक होते. "आत्याबाई, ते ठिवू का पाण्यात सोडू?" असं ती वर्षानुवर्षं विचारत होती. आत्या तिच्यावर डाफरायची, "दीक्षा सासऱ्यानं घेतली तवाच सोडायचं ना गं! आता मला कावून इचारतीस?" पण हात कधी लावला नाही त्या टाकांना. काकू आजारी पडली तेव्हा आत्यानंच तिचं घर झाडलं, कोनाडाही झाडला आणि पडदा होता तसा परत सोडला.

आणि काकूचा ठरलेला प्रश्न होता, "मेल्यावर काय व्हतं गं?"

आत्याचंही उत्तर ठरलेलं होतं, "मेल्यावर काय व्हतं ते मागनं बघू. मेल्यावर तुला न्यायचं कुठून, ते आधी बघू दे मला."

ह्यावर मात्र कुणी हसायचं नाही. कारण आमचं मसण ओढ्याच्या पलीकडं आहे. तिकडं जायची वाट नानाच्या शेताच्या कडेनं, वरच्या फरशी पुलावरून होती. नाना म्हणजे गावातला मोठा बागायतदार, आधी सरपंचही होता. आमचे आजे-पणजे त्याच वाटेनं गेले, ते कुणी कधी अडवलं नव्हतं. एका साली दिवाळीनंतर वस्ती कारखान्याला ऊसतोडीला गेली. मागं म्हातारीकोतारी तेवढी उरली. नानानं तेवढ्यात वाट नांगरली, तारेचं कुंपण घातलं आणि आत ऊस लावला. लोक परत आले तर वाटच नाही. मग मढं न्यायचं तर खालून, ओढ्यातून.

आत्याचा नवरा पावसाळ्यात गेला. खांदेकरी ओढ्यात उतरले, पाणी मांड्यांपर्यंत, खाली शेवाळलेले दगड. मधोमध एकाचा पाय घसरला आणि तिरडी कलंडली. मी काठावर आत्याजवळ उभी होते. पांढरं कापड पाण्यावर पसरलं आणि तिचा माणूस पालथा पाण्यात पडला. बायांनी तोंडं फिरवली. आत्यानं फिरवली नाही. ती तशीच बघत राहिली आणि मग जी ओरडली, ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. माणसाला मेल्यावर तरी कोरडं जाऊ द्यावं की नाही?

दुसऱ्याच आठवड्यात तिनं तहसीलला अर्ज दिला, वाट मोकळी करून द्या म्हणून. पण तिला अन्न जाईना. घास घेतला की ओढा दिसायचा. तेव्हा आमच्याकडं वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, एक भंतेजी होते, त्यांनी तिला मौनाच्या शिबिराला पाठवलं. तिथंही ती शेजारच्या बाईशी खिडकी उघडी ठेवण्यावरून भांडली म्हणे, मौनातच, हातवारे करून. पण शिकून आली. आल्यावर आम्ही विचारलं, "गेला का राग?" म्हणाली, "कशाला जाईल? ज्यानं वाट बंद केली त्यो हितंच हाय. पर आता राग येताना कळतोय. आधी कळतच नव्हतं, नुसता तोंडातून बाहेर पडायचा." तसा तो अजूनही तोंडातून बाहेर पडायचाच, पण आता घास गिळायला लागली.

तिनं ध्यान शिकवायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

अर्ज दिल्यावर नाना हलला. एका सकाळी वस्तीत टेम्पो आला. टेम्पोत झेंडूच्या माळा घातलेली पांढरीशुभ्र बुद्धमूर्ती, उभ्या माणसाएवढी. पुढं हलगी, मागं नाना आणि त्याची चार माणसं मोबाइलवर शूटिंग करत. आमच्या विहारात तोवर नुसती तसबीर होती. मूर्ती बघून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले, माझेही. नानानं भाषण केलं. बुद्धानं जगाला शांतीचा संदेश दिला, आपण एका गावची माणसं, कोर्टकचेरीत काय ठेवलंय, आपसातलं आपसात मिटवू, वगैरे.

आत्या विहाराच्या पायरीवर बसली होती. तिनं बसूनच विचारलं, "नाना, मूर्ती कुठून आणली?"

"लातूरहून, आत्या. खास घडवून घेतली."

"कशी आणली?"

"म्हणजे? रस्त्यानं आणली."

"बुद्धाला रस्त्यानं आणलंस. अन् माझ्या माणसाला वढ्यातून. न्हाई ठिवायची मला. फिरीव टेम्पो."

हलगीवाला वाजवायचा थांबला. वस्तीतली माणसं आत्यावर तुटून पडली. बुद्धाला दारातून परत लावायचं? असं कुठं ऐकलंय का कुणी? जाणती माणसं म्हणाली, वाटेचं आपण वेगळं बघू, मूर्तीचा काय दोष? काकू रडायलाच लागली. आत्या उठली आणि टेम्पोच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मूर्तीचा दोष न्हाईच. म्हणूनच बुद्धाच्या नावानं सौदा करू नगा. हिला आत घेतलं की केस मेली, हे काय कळत न्हाई का तुमाला?" मग तिनं मूर्तीला जमिनीवर डोकं टेकवून तीनदा वंदन केलं, आणि उठून ड्रायव्हरला शिवी दिली. टेम्पो गेला.

त्यानंतर किती तरी रविवार विहारात दोघीच असायच्या. आत्या आणि घोरणारी काकू. माणसं तिच्याशी बोलेनात. तीही कुणाच्या दारात गेली नाही.

हे झालं तेव्हा मी आत्याच्या बाजूची होते. पुढं तिनं जे केलं, त्यावर मात्र मी तिच्याशी कडाकडा भांडले.

नानाची झोप उडाली. का उडाली ते त्याचं त्याला ठाऊक. छातीत धडधडायचं, मजुरांच्या अंगावर धावून जायचा, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि ध्यान करायला सांगितलं. मग एका सकाळी हा गडी एकटाच मोटारसायकलवर आत्याच्या दारात. म्हणाला, "आत्या, झोप न्हाई. डोळा लागला की दचकतो. तुमी ते श्वासाचं शिकवता म्हणे."

आत्या म्हणाली, "आधी शील घे. पाची."

तर म्हणे, "आमच्या घरात कळलं तर लई बोभाटा व्हईल. त्रिसरण न्हाई, शील न्हाई, नुसता श्वास शिकवा. ध्यानाला जात लागत न्हाई, धर्म लागत न्हाई, असं तुमीच सांगता ना? मग शील तरी कावून लागतं?"

आणि आत्यानं, त्या नियमाच्या पक्क्या बाईनं, त्याला शीलाशिवाय सतरंजीवर बसवलं.

मला हे काकूकडून कळलं. मी सरळ आत्याच्या घरात घुसले. "आत्या, डोकं फिरलं का तुझं? त्यानं तुझ्या माणसाला पाण्यात घातलं!"

"माणूस झोपत न्हाई गं, बाई."

"मरू दे न झोपून!"

"तू बघितलेस का त्याचे डोळे? म्या बघितलेत. माझेबी तसेच झालते."

"आन केस?"

"केस केसच्या जागी हाय. मागं घेते म्हणले का म्या? शिकवीन त्याला, अन् भांडीनबी त्याच्याशी."

मी म्हटलं, "आम्हाला पंचशील झाल्यावर आलं तर पायरीवर बसवतीस. त्याला आत?" ती चहा ठेवायला उठली. मी चहा न घेता निघाले.

अख्खा उन्हाळाभर नाना येत होता. आणि सांगते, माणूस बदललाही. झोप लागायला लागली, गड्यांवर ओरडायचा थांबला, पांढरे कपडे घालायला लागला, "आत्या, आत्या" म्हणून जरा जास्तच वाकायला लागला. वस्ती खूश. लोक म्हणाले, बघा, आत्यानं मूर्ती परत पाठवली ते बरंच केलं, आता नाना आपणहून तार काढतो. काकू तर वाटेकडं बघून यायची, तार निघाली का म्हणून. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं.

मग केजला तहसीलमध्ये तारीख लागली. त्याच्या आधीच्या तारखेला नाना साहेबासमोर भडकला होता आणि ओरडला होता, "वाट व्हती तर व्हती, रान माझ्या बापाचं हाय!" म्हणजे वाट होती हे त्याच्याच तोंडून आलं होतं. पण ते कुणी कागदावर घेतलं नाही आणि त्या साहेबाची बदली झाली. आता साहेब नवीन. मी दुकान बंद करून गेले. आत्या आणि काकू जीपनं आलेल्या. नाना आमच्याआधीच येऊन बाकावर बसला होता. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. आत्यानं शिकवलं होतं तस्संच.

पुकारा झाला. नाना उठला आणि संथ आवाजात बोलला. ना घाई, ना अडखळणं.

"साहेब, तिथं वाट कधीच नव्हती. आज्याच्या काळापासून न्हाई. ही मंडळी आपलीच हायेत, माझा त्यांच्यावर राग न्हाई. गैरसमज झालाय त्यांचा, एवढंच."

मी ओरडले. खोटं बोलतोय म्हणून ओरडले, ह्या बाईचा नवरा पाण्यात पडला म्हणून ओरडले. काकू रडत होती. साहेबानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बाई, आवाज खाली. बघा, समोरचा माणूस किती शांतपणे बोलतोय."

बघा! शांतपणे बोलतोय म्हणून खरं बोलतोय. आणि आम्ही ओरडतोय म्हणून खोटे. पूर्वीचा नाना रागानं तरी खरं बोलून गेला होता. आता त्याला खोटं बोलताना श्वाससुद्धा लागत नव्हता, आणि ते त्याला आमच्याच विहारात, आमच्याच सतरंजीवर शिकवलं होतं. अर्ज फेटाळला गेला.

आम्ही बाहेर लिंबाखाली उभ्या होतो. नाना समोर आला, हात जोडले, म्हणाला, "आत्या, मनात धरू नका. सोडून द्यायचं आसतं, तुमीच शिकवलंय." आणि गाडीत बसून गेला. माझ्या हातात त्या वेळी कात्री असती तर काय झालं असतं सांगता येत नाही.

 परतीच्या जीपमध्ये अर्ध्या वाटेत आत्या म्हणाली, "श्वास दिला म्या त्याला. शील दिलं न्हाई. कीव आली अन् चुकले."

"चूक त्याची आहे, आत्या."

"त्याची हायच. त्याची त्यो फेडंल न्हाईतर न फेडंल. माझी मी सांगायलेय." मग काकूचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुला वढ्यातून जाऊ देणार न्हाई म्या. रडू नगस."

तिनं अंबाजोगाईला वर अपील केलं. तारखा पडत राहिल्या. नाना अजून पहाटे डोळे मिटून बसतो, असं त्याचे गडी सांगायचे. विहारात मात्र त्यानं पुन्हा पाय ठेवला नाही.

थंडीत काकू गेली. वस्ती कारखान्याला गेलेली, काकूची दोन्ही पोरं कर्नाटकात उसाच्या फडावर. फोन केला तर मुकादम सोडेना. आगाऊ उचल घेतलीय, मग काम सोडून येता येणार नाही म्हणे. आईला माती द्यायलासुद्धा नाही! मुडदा बशिवला त्या मुकादमाचा. मागं राहिलेली दोन म्हातारी माणसं आणि आम्ही बाया. खांदा आम्हीच दिला. उसासाठी धरणातून पाणी सोडलेलं, ओढा भरून चाललेला.

आत्या तिरडीच्या पुढं चालत होती. सगळ्यांना वाटलं ओढ्याकडं वळेल. ती वळली नाही. सरळ नानाच्या कुंपणापाशी गेली, कमरेची पक्कड काढली आणि तार तोडली. एकेक पदर तोडत गेली. तोडलेली टोकं मागं वाकवत होती, आम्हाला बोचू नयेत म्हणून. मग मागं वळून म्हणाली, "या. सरीतून चाला. उसाला पाय लागू देऊ नगा, पीक हाय त्ये." तोवर नानाचा सालगडी फोनवर ओरडायला लागला होता, आणि आम्ही मसणात पोचेपर्यंत नाना धावत आला. सगळं शिकलेलं ध्यान विसरून त्यानं आयाबहिणींवरून शिव्या दिल्या. आत्यानं त्याच्याकडं बघितलंही नाही. तिनं त्रिसरण म्हटलं, पंचशील म्हटलं, आम्ही मागं म्हटलं. काकू कोरडी गेली.

दुपारी पोलिसांची गाडी आली. ठाण्यातला जमादार भला माणूस होता, माझ्याकडं त्याच्या बायकोचे कपडे असतात. त्यानं आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "आजी, वय झालंय तुमचं. घरातलं माणूस गेलं. रागाच्या भरात हातून झालं, असा जबाब लिहितो. अंगठा लावा अन् घरी जा. नानांना मी समजावतो."

मी म्हटलं, "हो साहेब, तसंच झालं. म्हण ना आत्या. रागातच होतीस ना तू." अख्ख्या तालुक्यात कुणालाही विचारलं असतं तरी हेच म्हणाला असता, आत्या रागातच असते.

"न्हाई साहेब," आत्या म्हणाली. "राग नव्हता."

"आजी, अहो..."

"रोज आसतो. आज नव्हता. पुरी शुद्धीवर होते म्या. लिवा तसं."

"तसं लिहिलं तर आत बसावं लागंल, आजी. ऐका माझं."

मी तिचा दंड धरून हलवला. "अगं, एक शब्द खोटं बोल की! तो एवढं खोटं बोलून मोकळा झाला!"

ती माझ्याकडं वळली. तिला मी आयुष्यात कधी एवढ्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. "रागानं तोडली म्हणले तर तार त्याची खरी ठरती. म्या चुकून घुसले आसं व्हतं. मग वाट कुठं ऱ्हायली, बाई? वाट हाय, म्हणून गेले. लिवा, साहेब."

त्यानं लिहिलं. तिला सोडवायला आम्हाला वकील करावा लागला आणि वेळ लागला. त्या सगळ्या काळात माझा तिच्यावर राग होता, आणि तो मी तिला बोलून दाखवला.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. अपील अजून चालू आहे. वस्ती कारखान्याहून परत आलेली होती, त्यामुळं खांद्यांना तोटा नव्हता. कुंपणापाशी आलो तर तार परत नवी लावलेली. ह्या वेळी पक्कड माझ्या हातात होती. मी तोडली, टोकं वाकवली, आत्याला सरीतून नेलं. मला ठाण्यात बोलावलं, जमादार तोच होता. त्यानं पेन उचलायच्या आधीच मी सांगितलं, "मला राग आला होता. फार आला होता, अजून आहे. आणि ती वाट आमची आहे. दोन्ही लिहा."